लॉक कुणाचं, चावी कुणाकडे : प्रेस शॉपसाठी ट्रेनिंग व्हिडिओ बनवताना

मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, चिंचवडला राहते, या कामात नऊ वर्षं झाली. त्याआधी शाळेत सायन्स शिकवायचे. घरच्यांना अजून नीट सांगता येत नाही मी काय करते ते, म्हणून थोडक्यात सांगते, एखादं काम लोकांना शिकवायचं असतं तेव्हा त्यातलं काय शिकवायचं, कुठल्या क्रमाने, कशातून आणि शिकले की नाही हे कसं बघायचं ते ठरवणं हे माझं काम, आणि गेली काही वर्षं त्यातलं बरंचसं व्हिडिओमधून होतं. आयटी कंपन्यांसाठी, बँकांसाठी खूप केले. पण चाकण भागातल्या एका कारखान्याचं काम केलं त्यातून जेवढं शिकले तेवढं बाकी कशातून नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहितेय. या लाईनमध्ये नवीन येणारी मुलं विचारत असतात की प्रत्यक्षात काम कसं चालतं, त्यांना उपयोग होईल.

विषय होता लॉकआउट-टॅगआउट, सगळे लोटो म्हणतात. मशीनमध्ये हात घालायच्या आधी तिची वीज, हवा, सगळं बंद करायचं, तिथे स्वतःचं कुलूप लावायचं, त्यावर स्वतःच्या नावाचा टॅग, आणि चावी स्वतःच्या खिशात. म्हणजे तुम्ही आत असताना दुसरं कुणी मशीन चालू करूच शकत नाही. एका मशीनवर तिघं काम करत असतील तर तीन कुलपं, त्यासाठी हॅस्प नावाचा भोकं असलेला आकडा मिळतो, त्यात सगळ्यांची कुलपं बसतात आणि शेवटचं निघेपर्यंत मशीन बंद. अमेरिकेत १९८९ साली यावर वेगळा नियम झाला, आपल्याकडे फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ मध्ये चालत्या मशीनजवळ काम करण्याबद्दल कलमं होतीच. त्या कारखान्यात एक निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, झाला होता. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन, आणि रॅम म्हणजे तिचा वरखाली होणारा जड भाग, त्याला पंच नावाचं हत्यार बसवलेलं असतं. मेन स्विच बंद केलेल्या प्रेसमध्ये एकजण पंच बघायला वाकलेला असताना रॅम थोडा खाली आला. हात वेळेत निघाला. त्यानंतर त्यांनी ठरवलं की ट्रेनिंग नव्याने करायचं आणि व्हिडिओ हवा.

सेफ्टी डिपार्टमेंटने मला ६४ स्लाइडची पीपीटी पाठवली आणि सांगितलं की याचाच व्हिडिओ करा, आवाज टाका, थोडं अ‍ॅनिमेशन टाका, तीन आठवड्यात द्या. आमच्या कामात हे नेहमीचं आहे. आमच्या अभ्यासक्रमात अ‍ॅडी मॉडेल पहिल्याच दिवशी शिकवतात, अ‍ॅनालिसिस, डिझाइन, डेव्हलपमेंट, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन, १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी तयार झालेलं, पण प्रत्यक्षात क्लायंट तुम्हाला थेट तिसऱ्या पायरीवर उभं करतो आणि पहिल्या पायरीसाठी भांडावं लागतं. मी दोन दिवस मागून घेतले, फक्त शॉप फ्लोअरवर उभं राहून बघायला. कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही, वही आणि पेन. ते दोन दिवस मागितले नसते तर चुकीचा व्हिडिओ छान एडिट करून दिला असता.

तिथे मेंटेनन्सचे एक सिनियर फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणायला लागले. पहिल्या दिवशी ते फारसं बोललेच नाहीत. दुपारी चहाला मी पीपीटीतल्या पायऱ्या प्रिंट काढून नेल्या होत्या त्या त्यांना वाचून दाखवल्या. मेन बंद करा, कुलूप लावा, हवा सोडा, खात्री करा, काम सुरू करा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मेन ऑफ केला म्हंजे प्रेस मेली असं न्हाई. फ्लायव्हील फिरतंय की अजून." मग मला प्रेसच्या मागे घेऊन गेले. मोटर बंद झालेली, पॅनलवरचा दिवा गेलेला, आणि वर गार्डच्या आत ते मोठं चाक, ज्याच्या जोरावर रॅम खाली येतो, फिरत होतं, अजिबात आवाज न करता. समोरून, ऑपरेटर उभा राहतो तिथून, ते दिसतच नाही. मी मोबाईलवर घड्याळ लावलं, पूर्ण थांबायला चार मिनिटांच्या वर लागले.

६४ स्लाइडमध्ये फ्लायव्हील हा शब्द एकदाही नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, ती पण मामांनीच सांगितली. रॅमचं वजन तोलायला बाजूला हवेचे सिलिंडर असतात. हवा सोडली की तो आधार जातो, मग रॅम फक्त ब्रेकच्या भरवशावर उभा. ब्रेक घासलेला असला तर हळूच खाली सरकतो. म्हणून हवा सोडायच्या आधी रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा, नंतर नाही. पीपीटीत ब्लॉक होता पण हवा सोडल्यानंतरच्या पायरीत. मी हे सेफ्टी ऑफिसरना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले, मग प्रेसच्या मॅन्युअलची फाईल काढली, मेंटेनन्स हेडना बोलावलं, आणि तासाभराने त्यांनी स्वतः कारखान्याची लेखी पद्धत बदलायला घेतली. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, कारण बाहेरून आलेल्या बाईने सांगितलेली चूक मान्य करणं सोपं नसतं, खूप ठिकाणी मला "तुम्ही फक्त व्हिडिओ बनवा" असं ऐकावं लागलंय.

मग स्टोरीबोर्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टोरीबोर्ड म्हणजे एक टेबल असतं, एका कॉलममध्ये शॉट नंबर, मग पडद्यावर काय दिसणार, मग काय ऐकू येणार, मग पडद्यावर शब्द येणार असतील तर ते, आणि शेवटी एडिटरसाठी सूचना. मी मराठी नॅरेशन मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द धरते, इंग्रजीपेक्षा कमी, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात आणि घाईत वाचले की समजत नाहीत. पीपीटीवरून बावीस मिनिटांचा एक व्हिडिओ झाला असता, त्याऐवजी चार छोटे केले, सगळे मिळून अकरा मिनिटं: आधी प्रेसमध्ये कुठे कुठे शक्ती साठलेली असते ते, मग बंद कशी करायची, मग कुलूप-टॅग-ट्राय (ट्राय म्हणजे कुलूप लावल्यावर बटणं दाबून मशीन खरंच चालू होत नाही ना ते बघणं), आणि शेवटी काम झाल्यावर परत चालू कशी करायची. कायद्याच्या चार स्लाइड होत्या त्या व्हिडिओतून काढून सुपरवायझरच्या हँडआउटमध्ये टाकल्या, त्यावर दोन मीटिंग झाल्या पण शेवटी मान्य झालं.

भाषेचं मात्र माझंच चुकलं होतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी "सर्व ऊर्जास्रोतांचे विलगीकरण करा" असं लिहिलं होतं, आयसोलेशनला तोच शब्द मराठीत आहे म्हणून. रेकॉर्डिंगच्या आधी मी नेहमी स्क्रिप्ट चार-पाच लोकांना वाचून दाखवते, इथे हेल्पर आणि दोन आयटीआयची मुलं होती. विचारलं विलगीकरण म्हणजे काय, तर एक मुलगा म्हणाला, "कोरोनात करायचे ते ना मॅडम, चौदा दिवस." बरोबरच होतं त्याचं, तो शब्द त्याने तिथेच ऐकला होता. मग त्यांनाच विचारत गेले की तुम्ही एकमेकांना काय सांगता. मेन ऑफ कर, लॉक मार, एअर सोड, ट्राय मारून बघ. तेच शब्द स्क्रिप्टमध्ये घेतले, फक्त "करा, मारा, सोडा" असं आदराने. हेड ऑफिसमधून एकांनी कळवलं की भाषा प्रमाण नाही. मी लिहिलं की हे ज्यांच्यासाठी आहे ते याच भाषेत एकमेकांचा जीव सांभाळतात, आणि तो मुद्दा मी सोडला नाही.

शूटिंगचा पहिला दिवस वाया गेला. आम्ही कॅमेऱ्यावर सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० ठेवून शूट केलं, तिथले दिवे जुने, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्या तालावर ते दिवे डोळ्याला न कळता लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचा ताल त्याच्याशी जुळला नाही, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक शॉटमध्ये काळसर पट्टे सरकत होते. पुढच्या शूटिंगला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं आणि पट्टे गेले. भारतात कारखान्यात शूट करणार असाल तर हे आधी तपासा, कारण लाईन बंद ठेवून मिळालेला वेळ परत मागताना फार अवघड जातं, आम्हाला रविवारची साप्ताहिक सुट्टी बघून दुसरी तारीख मिळाली. आवाज तिथला घेतलाच नाही, शेजारच्या लाईनच्या आवाजात कॉलर माइकवर पण काही कळत नाही, सगळं नॅरेशन नंतर स्टुडिओत. पण हात मात्र खरे हवे होते. क्लायंटने सुचवलेलं की ऑफिसमधला एखादा मुलगा नवीन युनिफॉर्म घालून उभा करा, मी नाही म्हटलं. मामांचेच हात घेतले. कुलूप लावताना ते आधी हँडल दोनदा ओढून बघतात की ऑफमध्ये पक्कं बसलंय का, ही सवय कुठल्याही कागदावर नव्हती, ती कॅमेऱ्यात आपोआप आली. कॅमेरा त्यांच्या खांद्यामागून लावला, म्हणजे बघणाऱ्याला आपलेच हात काम करतायत असं दिसावं.

आता सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर त्या चार मिनिटांत. एडिटर म्हणाला टाइमलॅप्स करू, चार मिनिटं तीन सेकंदात, छान दिसेल. करून बघितलं, दिसलं पण छान. पण मला पटेना, कारण बघणाऱ्याच्या डोळ्याला मग ते चाक तीन सेकंदात थांबलेलंच दिसतं, वर कितीही सांगितलं की चार मिनिटं थांबा तरी. आणि पूर्ण चार मिनिटं दाखवली तर कुणी बघणार नाही. आठवडाभर त्यावर अडकलो होतो. शेवटी असं केलं: मोटर बंद होते, दिवा जातो, कोपऱ्यात घड्याळ सुरू होतं, आणि कॅमेरा फ्लायव्हीलवर वीस सेकंद तसाच, काही बोलणं नाही, संगीत नाही. मग कट, पण मध्ये पुन्हा तेच चाक दाखवून घड्याळ एक मिनिटावर, पुन्हा फिरतंय, दोन मिनिटांवर, पुन्हा फिरतंय. वीस सेकंदांची शांतता व्हिडिओत फार मोठी वाटते. ट्रायलला बसलेली मुलं आधी चुळबुळ करायला लागली, मग एकजण शेजारच्याला म्हणाला, "अजून फिरतंय बघ." तेव्हा मला कळलं की हा शॉट ठेवायचा.

कॅप्शनवर पण विचार करावा लागला. रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातलं एक तत्त्व आम्ही सगळे पाळतो, की चित्र आणि आवाज असेल तर तेच वाक्य पडद्यावर लिहू नये, माणूस वाचू का बघू यात अडकतो. पण हे व्हिडिओ शिफ्टच्या आधी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे सुरक्षेवरच्या छोट्या बैठकीत, दाखवायचे होते, शेड शेजारीच, मागे कॉम्प्रेसर चालू. म्हणून पूर्ण वाक्यं नाही, फक्त दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरात, "आधी ब्लॉक, मग एअर". आणि हे शब्द शूटिंगच्या फुटेजमध्ये पक्के न करता वेगळ्या लेयरवर ठेवले, प्रत्येक शॉटच्या शेवटी दोन-तीन सेकंद जास्तीचे ठेवले, कारण हिंदी आवृत्ती लागणार हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, तिथे बिहार, ओडिशाची बरीच मुलं आहेत.

व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवणं ही वेगळीच अडचण निघाली. प्लॅन होता एलएमएसवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन ट्रेनिंग सिस्टिमवर, टाकायचा, त्यासाठी स्कॉर्म पॅकेज (अशा सिस्टिमवर चालणारा ठराविक फाईल फॉरमॅट), शेवटी पाच प्रश्न. मी पॅकेज करून दिलं, टेस्ट केलं, चाललं. मग कळलं की कंत्राटी कामगारांना कंपनीचा ईमेल नसतो म्हणून लॉगिनच नाही, आणि शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी, ती बंदी योग्यच आहे, पण त्यामुळे मशीनवर क्यूआर कोड लावायची माझी कल्पना पण गेली. हे मी पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं, आता माझ्या पहिल्या भेटीच्या प्रश्नांमध्ये हाच प्रश्न सगळ्यात वर असतो, बघणार कोण, कुठे आणि कशावर. शेवटी ट्रेनिंग रूमच्या टीव्हीवर पेन ड्राइव्हने, आणि पाच प्रश्नांच्या जागी खरा ब्रेकर, खरा व्हॉल्व्ह लावलेला एक डेमो बोर्ड. व्हिडिओ बघायचा आणि लगेच त्या बोर्डवर करून दाखवायचं, सुपरवायझर चेकलिस्टवर टिक करणार. "लोटोच्या पायऱ्या किती" असा प्रश्न विचारून काही कळत नाही, ट्राय मारायला हात गेला की नाही ते बघितल्यावर कळतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पातळ्या मांडल्या, आवडलं का, शिकले का, कामात वागणूक बदलली का, आणि शेवटी परिणाम काय. बहुतेक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दोनवरच थांबतात कारण बिल निघालेलं असतं. मी तीन महिन्यांनी स्वतःहून परत गेले, सेफ्टी ऑफिसरनी परवानगी दिली. एक पूर्ण शिफ्ट उभी राहिले, चार वेळा कुठली ना कुठली प्रेस लॉक झाली. चारही वेळा फ्लायव्हील थांबायची वाट बघितली गेली, एक मुलगा तर पाठीमागे जाऊन डोकावून आला. ब्लॉक चारही वेळा हवेच्या आधी. पण ट्राय तिघांनीच मारला. चौथा मुलगा कुलूप लावून थेट आत वाकणार तेवढ्यात मामांनी त्याला खांद्याला धरून मागे घेतलं आणि बटणं दाबायला लावली. मी त्याला विचारलं व्हिडिओत बघितलं नाही का, तर तो म्हणाला, "कौन सा व्हिडिओ मॅडम, मैं तो परसों ही आया हूँ." कंत्राटदाराकडून परवा आलेला, टूलबॉक्स टॉक सोमवारी होतो, त्याचा सोमवार अजून यायचा होता. सोबतच्यांचं बघून जेवढं जमलं तेवढं तो करत होता.

तिथूनच एचआरच्या ऑफिसात गेले. कंत्राटी माणसाचं गेट पास बनतं त्या टेबलाशेजारी एक रिकामी भिंत आहे, पास प्रिंट व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मुलं तिथे बाकावर नुसती बसलेली असतात. तिथे टीव्ही लावायचं ठरलंय, डेमो बोर्ड पण तिथेच आणायचा. हिंदी आवाजाचं रेकॉर्डिंग या गुरुवारी आहे, स्क्रिप्ट काल त्याच मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना वाचून दाखवली, तीन शब्द त्यांनी बदलून दिले.