तीन नंबरच्या लेण्यातला तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि मी लगेच बसलो लिहायला, पण पहिल्याच ओळीत संस्कृतच्या बाई आल्या आणि मग दुसरं काही सुचेचना. तेव्हा मैदान, गॅदरिंग, बाकीचे सगळे सर आणि बाई, सगळ्यांची क्षमा मागून हे फक्त बाईंबद्दल.

आमच्या आठवी ब मध्ये संस्कृत घेतलं होतं ते सगळ्यांनी एकाच कारणाने, स्कोरिंग आहे म्हणून. बाईंना ते माहीत होतं. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "मार्क मिळतील रे, पण नुसत्या मार्कांसाठी तीन वर्षं कोण रूपं पाठ करेल? कंटाळाल. त्यापेक्षा मजा कुठे आहे ते शोधा." आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर रोज एक शब्द, अर्थ न लिहिता. त्याचे 'नातेवाईक' मधल्या सुट्टीपर्यंत आपण शोधायचे. 'नासिका' लिहिला होता तेव्हा अर्ध्या वर्गाने शूर्पणखेचं नाक सांगितलं, दोघा-तिघांनी नऊ शिखरांची गोष्ट सांगितली, आणि आपल्या नाशिकच्या नावावरून भांडायला एवढी मजा येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण मला सांगायचाय तो रविवार. बाई आम्हाला पांडवलेण्यावर घेऊन गेल्या, सिटी बसने पाथर्डी फाट्याला उतरून पायऱ्या चढलो. आदल्या दिवशी वर्गात ब्राह्मी या जुन्या लिपीची चार अक्षरं शिकवली होती, क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, वगैरे. वर २४ लेणी आहेत, पण बाई थेट तीन नंबरच्या लेण्यात गेल्या, गौतमी बलश्रीच्या लेखासमोर. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर आईने त्याचं कौतुक कोरून ठेवलंय, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. फळ्यावरचा क आणि भिंतीवरचा क अगदी सारखा नव्हता, दांडी लांब झालेली, तरी तो सापडल्यावर पोरं ओरडायला लागली.

मग बाईंनी त्यातलाच एक शब्द खडूने पाटीवर लिहिला, 'तिसमुदतोयपीतवाहन', म्हणाल्या हे प्राकृत आहे, तुम्हाला संस्कृत आणि मराठी येतं, फोडा. ति म्हणजे तीन, समुद म्हणजे समुद्र, तोय म्हणजे पाणी, इथपर्यंत सगळे मिळून पोचलो. पीत वर मी जोरात म्हणालो, "पिवळं! पीतांबर!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे, पीत म्हणजे पिवळंसुद्धा. आता पुढचा वाहन शब्द घे आणि बघ पाण्याशी पिवळं जुळतंय का." मी भिंतीकडे बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, आणि मग एकदम लागलं, प्यायलेलं! ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय असा राजा. पायऱ्या उतरताना बाईंनी पिशवीतून चिवडा काढला आणि पहिली मूठ मला दिली.

आज मी सातपूर एमआयडीसीत आहे, आमच्याकडे जर्मन मशीन आली तेव्हा वयाच्या ४४व्या वर्षी जर्मन शिकायला घेतलं. पहिल्या क्लासमध्ये डेर, डी, दासचे तक्ते पाठ करायला दिले आणि तिसऱ्या आठवड्यात मी सोडून दिलं, जमणार नाही असंच वाटलं. नंतर एका रात्री मुलीच्या पुस्तकात शरीराच्या अवयवांचं चित्र होतं, नाकाला बाण आणि खाली 'नाझं'. नासा, नासिका, नाझं! झोपच उडाली. मग मी फ्रिजवर फळा लावला, रोज एक शब्द आणि त्याचे नातेवाईक. हॉस्पिटलला 'क्रांकनहाउस', आजाऱ्यांचं घर, म्हणजे आपलं रुग्णालयच की. 'मेडशन' म्हणजे मुलगी, आणि ते नपुंसकलिंगी, यावर क्लासमधली सगळी वैतागतात, पण आपण मराठीत 'ते पोर' म्हणतोच ना. विभक्त्या तर चारच, आम्ही बाईंकडे संबोधन धरून आठ केल्यात. मागच्या वर्षी जर्मनची बी१ ही मधल्या पातळीची परीक्षा पास झालो, मुलगी म्हणते बाबा तुम्ही जेवतानाही शब्द फोडता.

हे बाईंना सांगायला जायचं जायचं म्हणत राहिलो. मशीन, शिफ्ट, मुलीची ॲडमिशन, आणि त्यांच्या जाण्याची बातमी मला ग्रुपवर कळली, तीसुद्धा दोन दिवस उशिरा. याचं मला फार वाईट वाटतं. मध्यंतरी शाळेत आलो होतो, टाकी नवीन झालीये, छान आहे, पण शेजारचा फळा काढलाय आणि तिथे टाईल्स बसवल्यात.

समितीला एक विनंती आहे. तो फळा परत लावायचा खर्च मी करतो. आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर या वर्षीच्या आठवी ब ला एका रविवारी तीन नंबरच्या लेण्यात मी घेऊन जातो. पाटी, खडू आणि चिवडा माझ्याकडे.