हिरवा थेंब

त्या घरात दोन बाथरूम, मधे एकच भिंत. डावीकडचं तीन वर्षांपूर्वी मी कंत्राटदार म्हणून माझ्या माणसांकडून तोडून नव्याने करून दिलेलं. उजवीकडचं घरमालक काकांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हातांनी केलेलं. त्यांना पाच महिने लागले, आणि तोवर घरातल्या चौघांच्या आंघोळी मी केलेल्या बाथरूममध्ये. ओल आली होती खालच्या मजल्यावरच्या छताला, बरोबर मधल्या भिंतीखाली. जिना चढतानाच मी निकाल देऊन टाकला होता. हौसेची कामं निस्तरण्यातच माझं निम्मं वर्ष जातं.

काकांच्या बाथरूममध्ये शिरलो तर दोष दिसलेच. दाराजवळ टाइलची दोन बोटांची चिरटी पट्टी आली होती. आधी कोरड्या टाइल मांडून सुरुवात कुठून करायची ते न ठरवल्याची खूण. शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह, भिंतीत इतका आत गेला होता की वरची प्लेट टेकत नव्हती, मागे सिलिकॉन भरलं होतं. मी मनात म्हटलं, बघा.

मग सवयीप्रमाणे नाण्याने फरशी वाजवत गेलो. एकही टाइल पोकळ वाजेना. आमचा टाइलवाला पाठीमागे चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे अ‍ॅडेसिव्हचे गोळे चिकटवतो, थोपटतो आणि पुढे सरकतो. पन्नास वेळा सांगून झालंय. काकांनी दातेरी थापीने सगळीकडे सारख्या रेघा ओढल्या होत्या, मधूनच एखादी टाइल परत उचलून पाठ पूर्ण भरली का तेही पाहिलं होतं. बादलीभर पाणी ओतलं तर कुठेही न रेंगाळता नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या निचऱ्याच्या तोंडाकडे, गेलं. मीटरला दीड सेंटिमीटर ढाळ, चारही बाजूंनी. "पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली," काका म्हणाले. आमची पोरं आता लेझरशिवाय हात लावत नाहीत, आणि तरी एका कोपऱ्यात डबकं ठेवतातच.

गळती शोधायचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून बहुतेक जण ते टाळून सरळ फरशी फोडतात. पाणी जिथे दिसतं तिथेच शिरलेलं असतं असं नाही. स्लॅबवरून ते कुठेही वाहत जातं. आधी नळाच्या लाइनवर दाब मोजायचा गेज लावला. तासभर काटा हलला नाही. शिवाय ओल सतत वाढत नव्हती, आंघोळी झाल्या की वाढायची. म्हणजे दाबाची लाइन सुटली. उरली फरशी आणि निचरा. काकांचा ट्रॅप बंद करून लाल रंगाचं पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. खाली काही नाही. मग केवळ रीत म्हणून माझ्या बाथरूममध्ये हिरवं भरलं.

सहाव्या तासाला खालच्या बाईंनी फोटो पाठवला. छताला हिरवा थेंब.

ट्रॅपभोवतीच्या टाइल काढल्या. टाइलखालचं, पाणी अडवणारं कोटिंग छिन्नीने उडवलेलं, त्यावर नुसतं सिमेंट फासलेलं. तेव्हा सगळं आठवलं. कोटिंगचे दोन हात नीट झाले होते, एक उभा, एक आडवा. कोपऱ्यांत वाटा मारून गोलाई दिली होती, भिंतीवर फूटभर चढवलं होतं. २४ तास पाणी भरून पाहिलंही होतं. वहीत टिक आहे. त्यानंतर टाइल बदलली, नवी जाड निघाली, ट्रॅपचं तोंड वर घ्यावं लागलं. प्लंबर आला, फोडलं, उचललं, सिमेंट लावलं, गेला. दुसऱ्या दिवशी टाइलवाला बसला. मधे कोटिंगवाल्याला परत बोलवायचं होतं. कुणी? मीच. कंत्राटदार ठेवतात तो याचसाठी.

टाइल पाणी अडवते असं गिऱ्हाइकाला वाटतं. सांध्यांतून थोडं पाणी खाली झिरपतंच, ते कोटिंगवर साचतं आणि ढाळाने ट्रॅपकडे येतं. सगळं पाणी जिथे गोळा होणार तिथेच आम्ही भोक ठेवलं होतं. पण रंग निवडायला लोक पंधरा दिवस घेतात आणि कोटिंगबद्दल पाच मिनिटंही ऐकत नाहीत.

टाइल ऐन वेळी काकांनीच बदलली होती. "टाइल तुम्हीच..." इतकं माझ्या तोंडून गेलंही. काका शांतपणे म्हणाले, "हो. पण त्यापायी ट्रॅप हलवावा लागतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?"

मग त्यांनी फोन काढून स्वतःच्या बाथरूमचे फोटो दाखवले, क्रमाने. एका फोटोत त्यांचाही ट्रॅप वर घेतलेला, कोटिंग फुटलेलं. पुढच्यात पुन्हा दोन हात. त्याच्या पुढच्यात पुन्हा भरलेलं पाणी.

"एकदा चाचणी झाली होती ना?" मी विचारलं.

"झाली होती. पण नंतर फोडलं ना."

माझ्याकडे त्या कामाचे चार फोटो निघाले. चारही शेवटचे, पुसून चकचकीत केल्यानंतरचे.

आमची तिन्ही माणसं कसबी आहेत. प्लंबरने ट्रॅप अचूक उंचीवर आणला, कोटिंगवाल्याने हात राखला नव्हता, टाइलवाल्याची रेघ सरळ होती. या आठवड्यात हे मी चार वेळा तरी स्वतःला ऐकवलंय, आणि दर वेळी त्या मधल्या एका दिवसापाशी येऊन अडतो.

दुरुस्ती अर्थात आमच्या खर्चाने. ट्रॅपच्या कडेचं सिमेंट काढून जागा साफ केली, कोटिंग कालवलं. काका दारात उभेच होते. "दुसरा हात मी मारू?" म्हणाले. पहिला सुकल्यावर ब्रश त्यांच्या हातात दिला. प्लंबरला फोन मात्र अजून केलेला नाही.