आमची वाटचाल : पूर, पावलांचा आकडा आणि आम्ही

संशोधकांना हालचाल मोजणारे सेन्सर भाड्याने द्यायचे, गावोगाव नेऊन लोकांच्या कमरेला बांधायचे, आठवड्याने सोडवून आणायचे आणि नोंदी साफ करून द्यायच्या. हा धंदा चिपळुणात बसून होतो, हे मुंबई-पुण्याच्या लोकांना अजून पटत नाही. सुरुवातीची वर्षं बरी गेली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. चार्जिंगला लावलेले सेन्सर चिखलात गेले. हार्ड डिस्क माळ्यावर होत्या म्हणून लोकांच्या नोंदी तेवढ्या वाचल्या. आम्ही फावड्याने गाळ उपसत असताना शहरातल्या एका कंपनीने आमचं चालू काम निम्म्या दरात उचललं. दराचं दुःख नाही. त्यांनी मनगटावर पावलं मोजणारे पट्टे बांधले आणि अहवालात दिवसाला एक आकडा दिला. सेकंदाला ३० वेळा तिन्ही अक्षांवर मोजलेल्या कच्च्या नोंदी कुठे आहेत, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. हर्णै बंदरातून डोक्यावर पाटी घेऊन चढ चढणारी बाई एका हाताने पाटी धरून असते, तो हात हलतोच कुठे? अहवालात ती बैठी ठरली! ओझं कमरेच्या सेन्सरलाही कळत नाही, पण तिचं पाऊल तरी त्याच्यातून सुटत नाही.

त्या दिवसांत दापोलीकडे मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरबाईंनी पुढच्या कामाचे पैसे आगाऊ पाठवले. "आधी सेन्सर घ्या, करारनामा मागाहून बघू," एवढंच म्हणाल्या. त्यावर दुकान परत उभं राहिलं.

नवा सेन्सर आला की तो फणसाच्या लाकडाच्या ठोकळ्यात बसवतो. टेबल पाणसळ लावून सपाट करायचं आणि ठोकळा सहाही बाजूंवर ठेवून बघायचा. स्थिर असताना उभ्या अक्षावर १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका आकडा यायला हवा, उलटा केला की उणे १. यात फरक पडला तर तो सेन्सर गावात जात नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, सेन्सर कधी लावला, कधी काढला याची नोंदवही सोडू नका. सलग ६० मिनिटं शून्य आलं की पट्टा काढून ठेवला होता असं धरतात, पण जेवून गाढ झोपलेल्या माणसाचंही शून्यच येतं. दिवसाला १० तास, असे किमान ४ दिवस मिळाले तरच माणूस हिशेबात घ्या. आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रेडमिलवर ठरलेली मिनिटाला १९५२ काउंटची रेषा भातखाचरात तशीच लावू नका. काउंट म्हणजे सेन्सरने हालचालीला दिलेला आकडा; या रेषेच्या वर गेला की निदान मध्यम श्रम झाले असं धरतात. लावणीला वाकलेली बाई घामाने निथळते, तरी त्या रेषेच्या खालीच राहते.

म्हणून दापोलीच्या डॉक्टरबाईंच्या यंदाच्या कामात एक सेन्सर पाठीला आणि एक मांडीला लावतोय. मांडी उभी आणि पाठ आडवी दिसली की ती लावणी, असं वेगळं काढता येतं.