कोपनहेगनचा रविवार आणि नंबर पाचचा ड्रेन कॉक

बाबा डेन्मार्कला यायला तयार झाले ते एकाच अटीवर. महिन्याचा पहिला किंवा तिसरा रविवार कोपनहेगनमध्ये मिळाला पाहिजे. बाकी मला काय बघायचं ते मी ठरवावं, त्यांची तक्रार नसेल. आणि खरंच नव्हती. जलपरीच्या पुतळ्यापाशी गर्दी होती, न्यूहाउनची रंगीत घरं चांगली वाटली, तिवोली बागेत पाय दुखले. चार दिवस एवढ्यात संपले.

त्या रविवारांचं कारण म्हणजे डिझेलहाउस. शहराच्या दक्षिणेला, बंदराच्या काठावर एच. सी. अर्स्टेड नावाचं जुनं वीजकेंद्र आहे. त्याच्या एका इमारतीत बुर्माइस्टर अँड वेन कंपनीनं 1932 साली बांधलेलं एक डिझेल इंजिन उभं आहे. आठ सिलिंडर, बावीस हजार पाचशे अश्वशक्ती, वजन 1400 टन. तीस वर्षांहून अधिक काळ ते जगातलं सर्वांत मोठं डिझेल इंजिन होतं. विजेसाठी बसवलं असलं तरी घडण आगबोटीच्या इंजिनाचीच. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता ते अजून चालू करतात.

बाबा बोटीवर इंजिनियर होते. 1971 साली पाचवे इंजिनियर म्हणून चढले आणि चीफ होऊन उतरले. नोकरीतली बरीच वर्षं ‘बी अँड डब्ल्यू’च्या, म्हणजे याच बुर्माइस्टर अँड वेनच्या इंजिनांबरोबर गेली. आमच्या दापोलीच्या घरात ही अक्षरं मी बाराखडीच्या आधी ऐकली असतील. बाबांची पत्रं यायची, त्यात आईची चौकशी दोन ओळींत आणि मग ‘नंबर तीनचा पिस्टन काढला, लाइनर फार झिजलाय, दोन रात्री झोप नाही’. आजी ते पत्र देवापाशी ठेवायची. वर्षातले आठ-नऊ महिने आमचे वडील म्हणजे हे नंबर होते. मला त्या इंजिनांचा राग होता, आणि तो बराच काळ टिकला हे इथे लिहून टाकते.

आदल्या दिवशी रेफ्सहेलओवर गेलो होतो. बुर्माइस्टरचं जहाजबांधणीचं आवार तिथे होतं. 1996 साली ते दिवाळखोरीत गेलं. आता त्या शेडमध्ये भिंती चढायचा खेळ आहे, बाहेर खाण्याच्या गाड्या आहेत, पोरं बियर पीत उन्हात बसलेली असतात. ‘सेलांडिया’ बांधली ती याच कंपनीनं. समुद्र ओलांडणारं पहिलं मोठं डिझेल जहाज, फेब्रुवारी 1912 मध्ये कोपनहेगनहून निघून लंडनमार्गे बँकॉकला गेलं. त्याला धुराडंच नव्हतं, धूर मागच्या डोलकाठीतून बाहेर सोडला होता. बाबा हे सगळं शेडकडे बघत सांगत होते आणि त्यांच्या मागे कोणीतरी बटाट्याच्या कापांसाठी रांगेत ढकलाढकली करत होतं. जागा रिकामी पडून सडण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला सात वाजता उठवलं. हॉटेलचा नाश्ता पैसे भरलेला, तो सोडून निघायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. स्टेशनवर दोन कॉफी आणि एक दालचिनीचा पाव घेतला, शंभराच्या वर क्रोनर गेले. एम-फोर मेट्रोनं एंगहावे ब्रिगे स्टेशन गाठायचं, तिथून वीजकेंद्र चालत. या मेट्रोला चालक नसतो. बाबा अगदी पुढच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले, बोगदा अंगावर येताना बघत. ‘गाडी कोणी ऐकतं का नाही?’ एवढंच विचारलं.

दार उघडायच्या आधी आम्ही वाऱ्यात उभे होतो. दुसरं कोणी नव्हतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा ते इंजिन आहे हे मला कळलंच नाही. ती हिरवट भिंत आहे असं वाटलं. साडेबारा मीटर उंच, साडेचोवीस मीटर लांब, कडेनं लोखंडी जिने आणि गॅलऱ्या. आमची दापोलीची दुमजली इमारत त्याच्या पोटात बसेल. बॉयलर सूट घातलेली चार-पाच म्हातारी माणसं वर-खाली करत होती. बाबा जिन्यापाशी थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि बघत राहिले.

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. त्या वेळात दिसण्यासारखं काहीच घडत नव्हतं आणि बाबा मला सगळं दाखवत होते.

आधी वंगणाचा पंप. इंजिन उभं असताना बेअरिंगमधलं तेल खाली उतरतं, शाफ्ट धातूवर टेकून बसतो. तसाच फिरवला तर पहिल्या दोन फेऱ्यांतच बेअरिंग ओरबाडलं जाईल. म्हणून आधी तेल सगळीकडे पोचवायचं. मग टर्निंग गिअर. छोट्या विजेच्या मोटरनं दाते अडकवून तो अख्खा डोलारा सावकाश फिरवायचा, सिलिंडरचे इंडिकेटर कॉक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरवरचे छोटे नळ, उघडे ठेवून. ‘का उघडे?’ बाबांनी मला विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं. मला माहीत नव्हतं. रात्रीतून कुठे कूलिंगचं पाणी गळून सिलिंडरमध्ये साचलं असेल तर ते कॉकमधून बाहेर पडतं. पाणी दाबलं जात नाही. कॉक बंद ठेवून इंजिन मारलं तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि काहीतरी मोडतं, सिलिंडरचं झाकण तरी नाहीतर रॉड तरी. नंतर दाते काढायचे, थोडी हवा सोडून एकदा फुंकून घ्यायचं, प्रत्येक कॉकच्या तोंडाशी बघायचं आणि मगच सगळे कॉक बंद करायचे.

‘हे रोज करायचात?’

‘प्रत्येक स्टँडबायला. बंदर सोडताना, बंदरात शिरताना. झोप झालेली असो नसो.’

या इंजिनाची गंमत म्हणजे ते डबल अ‍ॅक्टिंग आहे. पिस्टनच्या वरही जळतं आणि खालीही. बाबांच्या बोटींवर असं नव्हतं, पण त्यांच्या वरिष्ठांनी अशा इंजिनांवर काम केलं होतं आणि ते त्याच्या नावानं कानाला खडा लावत. खालच्या बाजूलाही आग म्हटल्यावर पिस्टन रॉड त्या आगीतूनच खाली येणार. त्याच्याभोवती जी गच्च पॅकिंग असते, तिला स्टफिंग बॉक्स म्हणतात, ती जळत्या वायूला अडवून धरणार. ती गळायला लागली की इंजिनरूम काजळीनं भरते. शिवाय खालच्या बाजूची दुरुस्ती म्हणजे वाकून, आडवं होऊन, हात पोचत नाही तिथे पोचवून. 1952 साली याच कंपनीचं टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारं यंत्र) लावलेलं टू-स्ट्रोक इंजिन ‘दोर्थे मेर्स्क’ जहाजावर बसलं आणि एकाच बाजूनं जाळून तेवढी ताकद मिळायला लागली. मग ही दुहेरी जात संपली. ‘बरं झालं संपली,’ बाबा म्हणाले, आणि त्याच श्वासात, ‘पण काय बांधलंय बघ.’

खालच्या मजल्यावर इंजिनाच्या कडेनं चालताना ते पाचव्या सिलिंडरपाशी थांबले. खाली एक छोटा पाइप होता. हा स्कॅव्हेंज ड्रेनसारखा दिसतोय, असं काहीतरी म्हणाले. मग जे सांगितलं ते मी त्रेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पिस्टनच्या खाली जिथून ताजी हवा सिलिंडरमध्ये शिरते त्या पोकळीला स्कॅव्हेंज म्हणतात. सिलिंडरचं जास्तीचं तेल आणि काजळी तिथे साचते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ठिणग्याही तिथेच उतरतात. म्हणून तिथला ड्रेन कॉक, म्हणजे घाण काढायचा नळ, दर वॉचला, म्हणजे चार तासांच्या पाळीला, उघडून घाण काढायची आणि लॉगबुकात लिहायचं. बाबा तेव्हा फोर्थ इंजिनियर होते, पहाटेचा चार ते आठचा वॉच. अरबी समुद्रात, ऐन पावसाळ्यात, बोट लोळत होती. त्यांनी नंबर पाचचा कॉक उघडला नाही. लॉगमध्ये मात्र ‘ड्रेन्स क्लिअर’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नंबर पाचच्या स्कॅव्हेंजला आग लागली.

वेग कमी करायचा, त्या सिलिंडरचं इंधन तोडायचं, सिलिंडर ऑइल वाढवायचं म्हणजे पिस्टन धरून बसणार नाही, आणि काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. हवा मिळाली की भडका. लोखंडाचा रंग सुटून फोड येत होते म्हणे. ती आग क्रँककेसला, म्हणजे शाफ्ट फिरतो त्या खालच्या पेटीला, तापवेल याची सगळ्यांना भीती होती. ‘रेना देल पॅसिफिको’चं उदाहरण त्यांना शिकवलेलं होतं. 1947 साली बेलफास्टहून चाचणीसाठी निघालेल्या त्या जहाजावर क्रँककेसमधल्या तेलाच्या वाफेचा स्फोट झाला आणि 28 माणसं गेली. इंजिनं याच बुर्माइस्टरच्या घडणीची होती. त्यानंतर क्रँककेसच्या दारांवर दाब सोडणाऱ्या झडपा आल्या.

आग विझली. बोट सहा तास लाटांत आडवी पडून होती. कोणाला इजा झाली नाही. निवळल्यावर आत शिरून साफ करायला बाबांबरोबर रत्नागिरीकडचा एक टिंडल, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, वडीलधारा माणूस. ड्रेनचं तोंड दगडासारखं बंद झालेलं त्यानं बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि सळईनं ते मोकळं करून दिलं. कोणाला काही बोलला नाही. ‘त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं,’ बाबा म्हणाले. मी काय बोलणार होते? त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले. ‘त्यानंतर एकदाही उघडल्याशिवाय लिहिलं नाही,’ हे त्यांनी मला नाही, त्या पाइपाला सांगितलं.

तोवर साडेदहा झाले आणि गर्दी आली. मला गर्दीचा राग येत नाही, पण त्या दिवशी आला. दहा मिनिटांत कठडा भरला, प्रत्येकाचा फोन वर. आमच्या पुढे उंच माणसांची भिंत झाली आणि बाबा मागे राहिले. एका काकूंनी मला सरकवून आपली मुलं पुढे केली. तासभर इथे काय चाललं होतं ते यातल्या कोणी बघितलं नाही, असं मनात येत राहिलं.

अकरा वाजता घंटा वाजली. हवेचा एक प्रचंड सुस्कारा आला, छातीवर दाबल्यासारखा, आणि ती भिंत हलली. सावकाश, खूप सावकाश. पहिला स्फोट ऐकू आला नाही, पायातून वर आला. मग दुसरा, मग ते मोजता येईनात. बाबा माझ्या कानात ओरडून हिशोब सांगत होते: पूर्ण वेगात मिनिटाला 115 फेरे, आठ सिलिंडर, दोन्ही बाजूंनी जाळ, म्हणजे सेकंदाला तीसएक स्फोट. म्हणून धडधड नाही, गुंजन.

त्यांना ते गुंजन ऐकू येत नव्हतं. तरुणपणी कानात चिंध्यांचे बोळे घालून वॉच केले, त्यात दोन्ही कान गेले. श्रवणयंत्रात नुसता खरखराट येतो म्हणून ते त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं. गर्दीच्या मागे, कठड्याच्या खांबावर तळवा टेकून उभे होते. बॉयलर सूटातला एक जण बाजूनं जात होता, ऐंशीच्या घरातला असेल. त्यानं बाबांचा तळवा बघितला आणि थांबला. बाबांनी हातानं खूण केली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावल्याची. इंजिनरूममध्ये बेअरिंग असंच ऐकतात: टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला. तो माणूस हसला, मांडीच्या खिशातून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला आणि साखळी सोडून बाबांना दोन पावलं आत घेतलं.

बाबांनी टोक पोलादाला टेकवलं, मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले. मी मिनिट मोजले नाहीत. त्यांनी एकदा टोक जरा बाजूला सरकवलं, परत ऐकलं, आणि त्या माणसाला अंगठा दाखवला. त्यानंही दाखवला. मग त्या माणसानं स्वतः तिथेच स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं, जणू बाबांनी सांगितल्यावर खात्री करून घेतोय.

त्या इंजिनांचा माझा राग तिथे कुठेतरी उतरला असावा. मी फोटो काढला नाही.

इंजिन थांबलं तशी गर्दी कॉफीकडे गेली. बाबा हलले नाहीत, कारण त्यांच्या मते आता खरं काम होतं. इंडिकेटर कॉक पुन्हा उघडायचे, टर्निंग गिअर लावायचं, तेल आणि पाणी चालू ठेवून सगळं एकसारखं थंड होऊ द्यायचं. ते दोघं आता इंग्रजीत लाइनरच्या झिजेविषयी बोलत होते, बोटांनी मिलिमीटर दाखवत. मी पायरीवर बसून राहिले. भूक लागली होती पण उठवलं नाही.

निघताना त्या माणसानं विचारलं, दोन आठवड्यांनी परत आहे, याल का?

जिना चढता चढता बाबांनी मला विचारलं, ‘तिकीट पुढे ढकललं तर किती पैसे जातात गं?’ मी फोनवर बघितलं. पैसे भरता आले असते. व्हिसा मात्र त्याच्या तीन दिवस आधी संपत होता.