धूर म्हणजे न जळलेलं सरपण

परवा लाइट गेली होती, परत आल्यावर मेणबत्ती फुंकली आणि लहानपणचा एक खेळ आठवला. मेणबत्ती विझली की वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते ना, पेटती काडी त्या रेघेला लावायची, वातीला नाही. ज्योत धुरातून सर्रकन खाली येते आणि वात परत पेटते. जादू वगैरे काही नाही, तो धूर म्हणजे मेणाची वाफच, जळायची राहून गेलेली.

चुलीचंही हेच. लाकूड असं थेट जळत नाही, ते तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा असते ती त्या वायूंची. त्यांना उष्णता, हवा आणि जरासा वेळ नीट मिळाला तर शेवटी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. पण लाकूड ओलं असलं की बरीचशी धग पाणी उडवण्यातच खर्च होते, जाळ धरत नाही, आणि न जळलेला माल काजळी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन असा घरभर पसरतो. डोळे चोळत फुंकणी मारणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

मी बरीच वर्षं एक घोळ करत होतो. सुधारित चूल म्हटलं की मी विचारायचो लाकूड किती वाचलं, जणू लाकूड कमी म्हणजे धूरही कमी. तसं असेलच असं नाही! भांडं जाळाच्या अगदी जवळ आणलं की जास्त उष्णता भांड्यात जाते, लाकूड वाचतं, पण जाळ त्या थंड बुडावर आपटून विझायला लागतो आणि अर्धवट जळलेले वायू तसेच निसटतात. बुडाखाली बोट फिरवलं की मऊ काळं लागतं ना, ते त्यातलंच. आणि धुराडं लावलं तर खोलीतला धूर कमी होतो हे खरं, पण तो जातो शेजारच्या खिडकीत, हवेला काय, आत सोडला काय नि बाहेर सोडला काय.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, घरातल्या या धुराने २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं गेली, आणि अजूनही साधारण २१० कोटी लोक लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल असल्या इंधनांवर रांधतात. आजार नुसते खोकल्याचे नाहीत, हृदयविकार, पक्षाघात, मुलांमधला न्यूमोनिया सगळं त्यात आलं.

"लाकूड परत उगवतं, मग हवामानाला त्रास कसला" असं म्हणणारे भेटतातच. एक तर सगळंच उगवत नाही, २००९ सालच्या तोडीचा जगभराचा अंदाज काढला तेव्हा सरपणातलं साधारण ३० टक्के लाकूड परत वाढण्यापेक्षा जास्त वेगाने तोडलेलं निघालं. आणि उगवलं तरी झाड परत ओढून घेतं तो कार्बन डायऑक्साइड, हवा तापवणारा मिथेन कुठे ओढतं? काजळी ऊन शोषते, बर्फावर बसली तर तो लवकर वितळवते. ती हवेत जेमतेम काही दिवस ते एखाददोन आठवडे टिकते, म्हणजे आज थांबवली तर फरकही लगेच. आता धुरात फिकट कणही असतात, ते ऊन परत फेकतात, त्यामुळे हा हिशोब वाटतो तितका सरळ नाही हेही सांगून टाकतो.

म्हणून एलपीजी खनिज इंधन आहे, नको ते, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते जवळपास पूर्ण जळतं, आणि चुलीसमोर त्याचा कार्बन डायऑक्साइड काढून दाखवणं म्हणजे वहीचं एकच पान उघडून हिशोब सांगणं. पाइपातला गॅस मात्र वेगळा, तो मुळात मिथेनच. अमेरिकेत घरोघरी मोजून २०२२ साली एक अभ्यास छापला, त्यात शेगड्यांमधून सुटणाऱ्या मिथेनपैकी पाऊण हिस्स्याहून जास्त शेगडी बंद असताना गळत होता.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे, नवीन शेगडी येते पण जुनी चूल जात नाही. मोठं भांडं, पाहुणे, संपलेला सिलिंडर, की लगेच ती पेटते. आफ्रिकेतल्या मलावीमध्ये पंखा लावलेल्या चुली देऊन १० हजारांहून जास्त लहान मुलांवर मोठी चाचणी झाली, न्यूमोनिया कमी झालाच नाही. चुली बिघडत होत्या, आणि आजूबाजूला जळणारा कचरा, शेजारचा धूर सगळं तसंच होतं. तरी अशाच चुलींवर कार्बन क्रेडिटं, म्हणजे इतका कार्बन वाचवला असे दाखले, विकली जातात, आणि २०२४ च्या एका अभ्यासात ती खऱ्या बचतीच्या नऊ पटींच्या आसपास फुगवलेली निघाली. चूल वाटली एवढंच मोजायचं, पेटते कुठली ते बघायचंच नाही.

हे सगळं वाचून मी धुळीच्या कणांचा एक स्वस्तातला मीटर आणला आणि मोठ्या ऐटीत आपल्याच गॅसशेजारी ठेवला. पाणी उकळेपर्यंत आकडा फारसा हललाच नाही, मी खूश. मग कढईत तेल तापवलं, ते जरा जास्त तापलं, धूर यायला लागला आणि आकडा असा चढला की मी शेगडी सोडून आधी खिडकीकडे धावलो. तेव्हापासून खिडकी आधी आणि कढई नंतर, बायको हसते ते वेगळं.