मारव्यापासून यमनपर्यंत: मनःस्थिती बदलणाऱ्या खुणांच्या सरावाची नोंद

ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतच्या सरावाची ही नोंद आहे. वास, आवाज, हालचाल किंवा जागा यांच्या खुणा तयार करून स्वतःची मनःस्थिती ठरवून बदलण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना या काळातील दोन गोष्टी उपयोगी पडतील असे मला वाटते. देवदाराच्या तेलाची सकाळची खूण आता पक्की झाली आहे. संध्याकाळच्या अस्वस्थतेसाठी तानपुऱ्याच्या साथीने रचलेली तीन रागांची वाटही भरवशाने चालू लागली आहे. दुसरीविषयी अधिक विस्ताराने लिहिणार आहे, कारण या छंदातील माझी मुख्य धारणा तिच्यामुळेच घट्ट झाली: मन जिथे आहे तिथूनच त्याला हलवावे लागते, आणि ज्या खुणेने ते हलवायचे ती खूण आधी चांगल्या दिवसांत भरून ठेवलेली, म्हणजे हव्या त्या मनःस्थितीशी पुन्हा पुन्हा जोडून ठेवलेली, असावी लागते.

आधी नोंदवहीविषयी. 'मूड चांगला' आणि 'मूड वाईट' असे दोनच रकाने ठेवणे मी बंद केले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थेयर यांनी उत्साहाची जागृती आणि तणावाची जागृती या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या होत्या, आणि ही विभागणी आपल्या कामाला फार सोयीची आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोड खाऊ आणि १० मिनिटांचे झपझप चालणे यांची तुलना होती. चालण्याने ऊर्जा वाढली आणि ताण उतरला, तर गोड खाल्ल्यावर काही वेळाने थकवा आणि ताण वाढलेला दिसला. म्हणून माझ्या वहीत आता 'ऊर्जा' आणि 'ताण' असे दोन रकाने आहेत, आणि तिसऱ्या रकान्यात भावाचे नाव असते. ही नावे मी नाट्यशास्त्रातील ३३ व्यभिचारी, म्हणजे येत-जात राहणाऱ्या, भावांच्या यादीतून घेतो. ग्लानी, आलस्य, चिंता, विषाद, औत्सुक्य, आवेग, जडता, धृती अशी नावे समोर असली की 'कसेतरीच वाटते आहे' असे लिहून सुटका करून घेता येत नाही. चिंतेत ताण चढलेला असतो, ग्लानीत ऊर्जा उतरलेली असते, आणि या दोन अवस्थांना एकच खूण लावणे व्यर्थ आहे, हे वहीची पाने मागे उलटून पाहिल्यावर स्पष्ट दिसते.

देवदाराची खूण निवडताना मी ओळखीचे सगळे वास बाजूला ठेवले. वाळ्याचा वास मला मनापासून आवडतो, पण तो माठातल्या पाण्याशी आणि उन्हाळ्याच्या दुपारींशी लहानपणापासून जोडलेला आहे; केवड्याला गणपती चिकटलेला आहे आणि चंदनाला देवघर. ज्या गोष्टीचा पूर्वी अनेकदा अनुभव आला आहे आणि जिच्यामागून विशेष काही घडलेले नाही, तिचा नवा संबंध जुळायला वेळ लागतो, हे लुबो आणि मूर या संशोधकांनी १९५९ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. त्यामुळे खुणेसाठी अनोळखी वस्तू घ्यावी, हा नियम नवीन येणाऱ्यांना मी आग्रहाने सांगतो. देवदाराचे तेल आमच्या घरात कधी आलेले नव्हते, आणि एवढ्याच कारणासाठी ते घेतले.

भरण्याची वेळही महत्त्वाची आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत खुणेचा आवाज अन्नाच्या थोडा आधी येई. अन्नानंतर आलेल्या आवाजाने संबंध नीट जुळत नसे. मी सकाळी पुण्यातील तळजाईच्या टेकडीवर जातो. चढ संपत आला, श्वास मोकळा होऊ लागला आणि माथ्यावरचा वारा लागायच्या बेतात आला की कापसाच्या बोळ्यावरील देवदाराचा वास दोन-तीन श्वास घ्यायचा आणि बोळा पुन्हा डबीत बंद करायचा, अशी पद्धत ठेवली आहे. डबी उघडी ठेवून उपयोग नाही, कारण सतत आलेल्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावते आणि मग तो जाणवेनासा होतो. टेबलाशी बसून कंटाळवाणे काम सुरू करायच्या आधी तीच डबी उघडली की ऊर्जेचा रकाना आता बहुतेक वेळा वर सरकतो. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारी माहिती मेंदूच्या बाह्यांगाकडे जाताना थॅलॅमस या मेंदूतील मधल्या केंद्रातून जाते, तर गंधाचा मार्ग गंधकंदातून (वासाची माहिती घेणाऱ्या मेंदूच्या भागातून) थेट भावनांशी संबंधित असलेल्या अमिग्डालापर्यंत पोहोचतो. वासाची खूण अशी चटकन का काम करते, याचा काही उलगडा या रचनेतून होतो. मात्र टेबलाशी ती खर्च होते आणि टेकडीवर भरते, हा हिशोब सांभाळावा लागतो. नुसतीच खर्च होत राहिलेली खूण विझत जाते. त्यामुळे पावसामुळे टेकडीवर जाणे झाले नाही त्या आठवड्यांत मी डबीला हात लावला नाही.

आता तानपुऱ्याकडे येतो. माझा तानपुरा मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला आहे, आणि दिवेलागणीच्या सुमारास, म्हणजे दिवसभराचा ताण डोक्यात घोळत असताना, तो गवसणीतून काढणे ही माझी जुनी सवय आहे. पूर्वी त्या वेळी मी सरळ यमन घेत असे, कारण यमन शांत, प्रसन्न आणि हाताशी असलेला राग आहे. पण ज्या दिवशी वहीत 'चिंता' किंवा 'आवेग' लिहिलेले असे, त्या दिवशी यमनचा तीव्र मध्यम सुरेल लागूनही मन बाजूलाच उभे राही. संगीतोपचारात या अनुभवाला उत्तर देणारे एक जुने तत्त्व आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात असे मांडले की रुग्णाच्या मनःस्थितीशी आधी जुळणारे संगीत द्यावे आणि नंतर ते हव्या असलेल्या मनःस्थितीकडे टप्प्याटप्प्याने न्यावे. मी उपचार करत नाही, छंद म्हणून सराव करतो. पण तत्त्व तेच वापरता येते, आणि आपल्या रागसंगीतात त्याची सामग्री तयारच आहे.

अस्वस्थतेशी जुळणारा राग म्हणून मारव्याइतका योग्य राग मला दुसरा दिसत नाही. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल आहे, मध्यम तीव्र आहे, आणि षड्जावर विसावणे शक्य तितके टाळले जाते. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्याभोवती आलाप फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याला आपण अजून घरी पोहोचलो नाही असे वाटत राहते. मारव्यानंतर मी पूरिया कल्याण घेतो. तिथे रिषभ कोमलच राहतो, पण पंचम येतो, आणि इतका वेळ गैरहजर असलेला तो स्वर आल्याबरोबर आलापाला टेकायला जागा मिळते. शेवटी यमन, ज्यात पंचम राहतो आणि रिषभ शुद्ध होतो. म्हणजे गंधार, तीव्र मध्यम, धैवत आणि निषाद तिन्ही रागांत तेच राहतात आणि प्रत्येक पायरीवर एकच मोठा बदल होतो. चलन (स्वरांची ठरलेली चाल) आणि न्यासाचे (थांबण्याचे) स्वर अर्थातच बदलतात, आणि ते सांभाळले नाहीत तर पूरिया कल्याण हा राग न राहता नुसती स्वरांची मांडणी उरते. म्हणून या वाटेवर येण्याआधी तिन्ही राग रीतसर शिकलेले असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळेच्या दृष्टीनेही क्रम बरोबर बसतो: मारवा सूर्यास्ताचा, पूरिया कल्याण संध्याकाळचा, आणि यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. संगीतशास्त्रकार पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार असलेल्या रागांना संधिप्रकाशाच्या वेळेशी जोडले आणि त्यानंतरची वेळ शुद्ध रिषभ-धैवताच्या रागांना दिली. मी जी वाट मनासाठी शोधत होतो ती त्या समयचक्रात आधीपासून आखलेली होती, याचा मला मोठा आनंद आहे.

या वाटेतील सर्वात परिणामकारक खूण मात्र गळ्यापेक्षा हाताशी संबंधित निघाली. मारव्यात पंचम नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार निषादावर किंवा धैवतावर लावतात. मी निषादावर लावतो. पूरिया कल्याणकडे वळताना ती पंचमावर आणायची, म्हणजे उतरवायची. उजव्या हाताने तार छेडत राहायचे, डावा हात खुंटीवर, आणि निषाद हळूहळू खाली येत पंचमाशी मिळाला की जोडाच्या (मधल्या दोन षड्जाच्या) तारांतून आणि खर्जातून (सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून) जी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, उमटते ती छातीत जाणवते. नंतर तारेवरचा मणी सरकवून सुरातला उरलेला फरक काढायचा. तार सैल होत असताना खांदे आणि जबडा सैल होतात, असे मी सुरुवातीला केवळ निरीक्षण म्हणून लिहिले होते. पुढे मी मुद्दाम त्याच क्षणाला श्वास पूर्ण सोडू लागलो, आणि आता तार उतरवण्यास सुरुवात केली की ताणाचा रकाना खाली येतो. यासाठी पावसाळा एक प्रकारे उपकारक ठरला. दमट हवेत लाकूड आणि भोपळा यांच्यामुळे सूर सारखा खाली-वर होतो, जवारीचे (नादाला झणक देणारे, तारेखालचे) सूत पुन्हा पुन्हा बसवावे लागते, आणि त्यामुळे लावण्याचा वेळ लांबतो. त्या लांबलेल्या वेळात खूण अधिक भरली गेली.

प्रवासात मी मोबाइलवरील इलेक्ट्रॉनिक तानपुरा वापरून पाहिला. स्वर स्वच्छ आहे, निषादाचा पंचम एका बोटाने होतो, आणि त्यामुळेच हाताची खूण तिथे उरत नाही. तरीही खर्जाचा सराव त्यावर उत्तम होतो. षड्ज लांब धरून सोडला की श्वास आपोआप मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरतो. याच गतीच्या आसपास हृदयाच्या ठोक्यांतील श्वासाबरोबरचा चढउतार सर्वाधिक होतो आणि बहुतेकांना शरीर निवळल्यासारखे वाटते. रेल्वेत गाता येत नाही, तेव्हा ओठ मिटून केलेला गुंजार पुरतो.

दोन खुणा एकत्र वापरू नयेत, हे इथे सांगितले पाहिजे. तानपुऱ्याजवळ देवदाराची डबी मी कधीही उघडत नाही. दोन खुणा एकाच वेळी दिल्या तर अधिक ठळक खूण संबंध स्वतःकडे ओढून घेते आणि दुसरी दुबळी राहते, हे पावलोव्हच्या काळापासून माहीत आहे. शिवाय एक सकाळच्या तरतरीसाठी आहे आणि दुसरी संध्याकाळच्या निवळण्यासाठी. त्यांची सरमिसळ झाली तर दोन्ही हातच्या जातील.

ओठांवर मुद्दाम हसू आणण्याविषयी अनेक जण विचारतात. १९८८ साली दातांत पेन धरून नकळत हसऱ्या चेहऱ्याची ठेवण आणण्याचा प्रयोग गाजला, २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला तेव्हा परिणाम आढळला नाही, आणि २०२२ साली १९ देशांतील सहभागींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने आनंद थोडा वाढतो असे दिसले, पेनाच्या पद्धतीबाबत मात्र पुरावा ठाम नव्हता. परिणाम लहान आहे, आणि माझ्या वहीत तो उठून दिसण्याइतका नाही. ज्यांना उपयोग होतो त्यांनी जरूर करावे. मी त्यावर वेळ घालवत नाही.

या वाटेच्या मर्यादा आता नीट कळल्या आहेत. ग्लानी किंवा जडता असेल तर मारवा घेऊ नये. त्या दिवशी आधी १० मिनिटे वेगाने चालून यावे, ऊर्जा थोडी वर येऊ द्यावी आणि मगच तानपुरा काढावा. शोकाच्या दिवसांत मी कोणतीच खूण वापरत नाही. घरात मृत्यू झाल्यानंतरचे दिवस दुःखाचेच असायला हवेत, ते दुःख ठरवून बाजूला सारण्यासाठी हा छंद नाही, आणि तसे केल्यास खुणेलाच दुःख चिकटेल. आठवडेच्या आठवडे उदासी उतरत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे तानपुऱ्याने उशीर करू नये.

थंडीसाठी पुढचा बेत सकाळच्या वाटेचा आहे. उठल्यावर मन जड असेल, पण टेकडीवर जाण्याइतका वेळ नसेल, अशा दिवसांसाठी भैरव, नटभैरव आणि बिलावल असा क्रम घ्यायचा आहे. भैरवात रिषभ आणि धैवत दोन्ही कोमल आणि आंदोलित (हलके झुलवलेले) असतात; नटभैरवात रिषभ शुद्ध होतो, धैवत कोमल राहतो; बिलावलात दोन्ही शुद्ध होतात. इथेही एका पायरीला एकच स्वर बदलतो आणि तिन्ही राग सकाळचेच आहेत. अडचण एवढीच की तिन्हींना पंचमाचीच तार चालते, त्यामुळे हाताला काही काम उरत नाही. त्याऐवजी शरीराची खूण म्हणून भैरव बसून, नटभैरव वज्रासनात आणि बिलावल खिडकी उघडून उभ्याने गाऊन पाहणार आहे. सुरुवातीचे काही आठवडे ही वाट केवळ चांगल्या सकाळी चालायची, जड सकाळी नाही. कोणी अशी सकाळची वाट आधी तयार केली असेल, तर भैरवात किती वेळ थांबावे आणि नटभैरवाकडे वळण्याची वेळ झाली हे कशावरून ओळखता, एवढे अवश्य कळवावे.