'बीच टच' म्हणजे काय ते आधी विचारा: सोलापूरहून देवबाग, तारकर्ली, गणपतीपुळे

देवबागात खोली घेणाऱ्याने फोनवर एक प्रश्न सगळ्यात आधी विचारावा: तुमच्या दारातून समुद्राकडे जाताना रस्ता ओलांडावा लागतो का? मी तो विचारला नाही. 'बीच टच', 'वॉटर व्ह्यू' हे शब्द आणि आठ-दहा फोटो बघून निम्मे पैसे पाठवून मोकळा झालो आणि पहिल्याच मुक्कामाला फसलो. थंडीत सोलापुरातून बरीच मंडळी तिकडं जातात, त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांचे अण्णा. मंगळवारी, ९ डिसेंबर २०२५ ला, पहाटे पाचला घर सोडलं. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत दहाच्या सुमारास कोल्हापूर. तिथून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. चारशेच्या आसपास किलोमीटर पडतात. फोंडा घाट उजेडात उतरा, पेट्रोल आणि जेवण कोल्हापुरातच उरका. रस्त्याबद्दल एवढं पुरे.

देवबाग म्हणजे जमिनीची लांबट जीभ आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मधून अरुंद रस्ता. आमचा रिसॉर्ट खाडीच्या अंगाला निघाला. फोटोत माडांच्या मागं जे निळं पाणी दिसत होतं ते खाडीचं. समुद्र बघायचा तर रस्ता ओलांडायचा, दोन घरांच्या मधल्या बोळातून जायचं, आणि बोळ संपला की वाळूच्या जागी बंधाऱ्याचे मोठाले दगड. तिथला किनारा समुद्र खात आलाय, त्यामुळं धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय. गावासाठी तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दगडांवरून बहात्तर वर्षांच्या माणसाला खाली उतरवता येत नाही. अण्णांनी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिलेला. चारशे किलोमीटर गाडीत बसून आलेला माणूस बोळाच्या तोंडाशी काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज तर येतोय की." मला तिथंच भरून आलं.

खोलीत आलो. सोलापुरात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं कुठंही गेलं की घरातलं प्रत्येक माणूस आधी नळ सोडून बघतं. बायकोने हात धुवायला साबण घेतला तर फेसच येईना. जिभेवर थेंब ठेवला, पाणी मचूळ. खाडीलगतच्या बोअरचं पाणी सरळ टाकीत चढवलेलं. अंघोळीनंतर मुलीचे केस दोरीसारखे झाले आणि अंग चिकट ते चिकटच. गरम पाणी सकाळी सात ते आठ, खोलीमागे एक बादली. हे फोनवर कुणी सांगितलेलं नव्हतं. पिण्याच्या बाटल्या विकत.

आणि टॉवेल. आमचा टॉवेलचाच कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेल हातात घेतला की त्याचं वजन, वय आणि हाल तिन्ही कळतात. इथल्या टॉवेलचे एका बाजूचे लूप पार झिजलेले, उजेडात धरला तर मागचं बोट दिसत होतं. कडेची शिवण उसवून दोरा लोंबत होता. खाऱ्या पाण्यात धुऊन धुऊन कापड पापडासारखं कडक झालेलं. किनारीची वीण बघितली आणि कळलं की माल सोलापूरचाच आहे. जीव तुटला. चांगल्या सुताचा टॉवेल नीट वापरला, गोड्या पाण्यात धुतला तर वर्षानुवर्षं मऊ राहतो. ज्या ठिकाणी टॉवेलची ही गत आहे तिथं चादरी, उशांचे अभ्रे यांचं वेगळं काय असणार? खोली दाखवायला पोरगा आला की आधी टॉवेल मागा, तो उजेडात धरा आणि मगच बॅगा गाडीतून काढा. घरून माणशी एक टॉवेल आणि दोन चादरी नेल्या तर उत्तम.

रात्री शेजारच्या आवारात दीड वाजेपर्यंत गाणी. आम्ही तक्रार केली, तर "ती आमची जागा नाही" हे उत्तर.

आता बिल, कारण खरा राग त्याचा आहे. फोनवर ठरलं होतं: दोन खोल्या, दर २,८०० रुपये, दोन रात्री. त्याप्रमाणे ११,२०० होतात, त्यातले ५,६०० मी आधीच पाठवले होते. सकाळी मी सांगितलं, आम्ही आज निघतो. तर एका रात्रीचा हिशेब असा आला: खोल्यांचे ५,६००, एसीचे खोलीमागे ५०० प्रमाणे १,०००, मुलीच्या गादीचे ८००, असे ७,४००. त्यावर १२ टक्के जीएसटी ८८८. एकूण ८,२८८. शिवाय दुसरी रात्र रद्द केली म्हणून तिचे निम्मे, म्हणजे आणखी २,८००. एसीचे पैसे वेगळे हे आधी कुणी बोललं नव्हतं. खोलीत एसी आहे हे मात्र फोटोत ठळक दाखवलेलं.

मी धंद्यातला माणूस, कर मी रोज भरतो. मी म्हटलं, पक्कं बिल द्या, त्यावर तुमचा जीएसटी नंबर घाला. तो म्हणाला, "साहेब, बिल ऑफिसमधून येतं, नंतर पाठवतो." हे लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आहे, आधी तो १२ होता. आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला तो गिऱ्हाइकाकडून घेताच येत नाही. वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या जागांना नोंदणी सक्तीची नसते. त्यात काही गैर नाही, गैर आहे ते नंबर नसताना कर कापणं. कोऱ्या पावतीवर पेनाने लिहिलेला जीएसटी सरकारात जात नाही, सरळ गल्ल्यात जातो.

पाऊण तास वाद चालला. अण्णा गाडीत बसून होते, मुलगी रडवेली झाली. शेवटी मी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाइलवर काढून दाखवला, तेव्हा कर गेला आणि दुसऱ्या रात्रीचे २,८०० पण गेले. एसीचे आणि गादीचे मिळून १,८०० दिले. ते द्यायला नको होते, पण पोरांसमोर आणखी भांडायचं बळ उरलं नव्हतं. त्या जागेला माझ्याकडून शून्य. चार पैसे कमी केले तरी जाऊ नका.

तिथून मागं तारकर्लीकडे आलो. माडांच्या वाडीत कौलारू घर, मागच्या बाजूला भाड्याच्या चार खोल्या. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होत्या. "खंयसून इलास?" म्हणजे कुठून आलात, असं त्यांनी मालवणीत विचारलं. सोलापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "बापरे, लांबसून इलास, आधी बसा." पैशाची गोष्ट नंतर. साध्या खोलीचे दीड हजार, एसी नाही, पंखा चांगला. टॉवेल जुना पण स्वच्छ, उन्हात वाळवलेला. पाणी विहिरीचं, गोडं. साबणाला फेस आला तेव्हा बायकोने बाथरूममधूनच ओरडून सांगितलं. मागचं फाटक उघडलं की सुरूची झाडं आणि त्यापुढं सपाट वाळू. अण्णा स्वतःच्या पायाने चालत पाण्यापर्यंत गेले, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून अर्धा तास लाटांत उभे राहिले.

दोन रात्री तिथं काढल्या. गुरुवारी मार्गशीर्षाचा उपवास बायकोला होता आणि त्या घरच्या बाईंना, म्हणजे काकींनाही. त्यामुळं त्या दिवशी घरात मासळी नाही, दोघींनी मिळून पूजा मांडली. इतर वेळी सकाळी घावणे, दुपारी ताट आणि सोलकढी. आम्ही सोलापूरची माणसं मटणातली, मासळीतलं फार कळत नाही. त्यामुळं हॉटेलात खाणार असाल तर सुरमई किंवा पापलेटचा तुकडा आधी डोळ्यांनी बघा, दर विचारा आणि मगच तळायला सांगा. 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असेल तिथं तर नक्कीच. आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगा चटणी काकींना दिली, त्यांनी आमसुलं बांधून दिली. परत आल्यावर मी त्यांना मागावरचे दोन डझन टॉवेल पाठवले आहेत.

मधे सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. मालवणच्या जेट्टीवरून होडी मिळते, पावसाळ्यात ती बंद असते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. आदल्या दोन दिवसांतल्या मचूळ पाण्यानंतर मी त्या विहिरींच्या काठावर बराच वेळ उभा राहिलो. मागच्या रिसॉर्टवाल्याला गोड्या पाण्याचा एक टँकर मागवता येत नव्हता, हे डोक्यातून जाईना. होडीत चढताना-उतरताना माणसाला हात द्यावा लागतो, आत चढउतार आणि ऊन आहे. गुडघे दुखत असतील तर सकाळची पहिली होडी धरा, पायात पकड असलेल्या चपला घाला.

शुक्रवारी कसालवरून कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा करत निवळी फाट्याला वळलो आणि गणपतीपुळ्याला पोचलो. देवळापासून चालत पाच मिनिटांवरचं लॉज घेतलं. पाणी बरं, टॉवेल ठीक, पलंग हलणारा. लिफ्ट नाही आणि खोली तिसऱ्या मजल्यावर दिली. अण्णांसाठी तळमजला फोनवर मागितला होता, तो "शनिवारचं बुकिंग आहे" म्हणून नाकारला. शनिवारी त्याच खोलीचा दर शुक्रवारच्या पावणेदोन पट. म्हणजे शनिवार-रविवार पुळ्यात राहूच नये हे माझं स्पष्ट मत. सोमवार ते गुरुवार जा, नाहीतर देवस्थानच्या भक्तनिवासात आधी चौकशी करा. दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली, खिचडीचा प्रसाद घेतला. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: पुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. पाणी लगेच खोल होतं, ओढ जबरदस्त आहे आणि तिथं माणसं बुडालेली आहेत. माझा मुलगा पोहतो म्हणून पुढं सरकला, शिट्टी वाजली, मी दंडाला धरून मागं ओढला. आपल्या सोलापूरच्या हिप्परगा तलावाच्या पाण्याचा अंदाज तिथं चालत नाही.

रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, मग पाली, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर. रात्री अकराला घरी. आरे-वारेला गाडी बाजूला लावून दहा मिनिटं थांबाच, पुळ्यातल्या दोन दिवसांपेक्षा ती दहा मिनिटं चांगली होती.

गड्डा यात्रा, म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची यात्रा, उरकून २६ जानेवारीला जोडून जायचा बेत असेल तर वार बघा. २०२६ सारखा तो सोमवारी आला की सलग तीन दिवस सुट्टी आणि दर चढलेले. दर, एसी, मुलांची गादी, गरम पाण्याची वेळ आणि खोली सोडायची वेळ हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा, फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. व्हिडिओ कॉल करून दारातून समुद्रापर्यंत चालत जायला सांगा. जो चालत दाखवायला तयार नाही त्याला एक रुपयाही पाठवू नका. आणि आगाऊ पैसे एका रात्रीच्या एका खोलीपुरतेच द्या, त्याहून जास्त मागितले तर पुढच्या घराचा दरवाजा ठोठावा. तारकर्लीत तशी घरं आहेत.